वरून खाली येणारे नगर

बायबलच्या अगदी शेवटच्या दोन अध्यायांत माणसे पृथ्वी सोडून स्वर्गात जात नाहीत. आकाशातून एक नगरच पृथ्वीवर उतरते. ‘प्रकटीकरण’ हे ते पुस्तक. पहिल्या शतकाच्या अखेरीस, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यासमोर असलेल्या पात्म बेटावर योहान नावाचा एक माणूस आपल्या विश्वासापायी येऊन पडला होता. त्याने आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांसाठी ते लिहिले. त्याला दिसलेल्या नगराला बारा वेशी आहेत आणि त्या कधीच लावल्या जात नाहीत. तिथे मंदिर नाही, कारण देव स्वतः माणसांत राहायला आला आहे. नदीच्या काठी जीवनाचे झाड आहे. ते महिन्याच्या महिन्याला फळते आणि त्याची पाने राष्ट्रांच्या जखमांवर औषध म्हणून उपयोगी पडतात. मरण, शोक आणि दुखणे यांना त्या नगरात जागा उरलेली नाही.

ख्रिस्ती आशेचे मूळ चित्र हे असे आहे. सर्वसाधारण समजुतीहून ते बरेच निराळे आहे. ख्रिस्ती घरात कोणी गेले की शेजारी म्हणतात, ‘देवाघरी गेले’. घरचेही तेच म्हणतात. त्यात चूक काही नाही. गेलेला माणूस देवापाशी सुखरूप आहे, असे बहुतेक ख्रिस्ती मानतातच. पण तो वाटेतला मुक्काम आहे. रविवारच्या उपासनेत सगळी मंडळी एकमुखाने आपला विश्वास बोलून दाखवतात, तेव्हा शेवटी मेलेल्यांच्या पुनरुत्थानाचा आणि येणाऱ्या युगातल्या जीवनाचा उल्लेख येतो. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका हे मोक्षाचे स्वरूप ज्याच्या मनात रुजले आहे, त्या मराठी वाचकाला हे थोडे चमत्कारिक वाटेल. इथे देहातून सुटका कोणी मागत नाही. देह परत मागितला जातो, आणि त्याच्याबरोबर ही मातीही.

या मागणीचा उगम यहुदी धर्मात आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात नव्या आकाशाचे आणि नव्या पृथ्वीचे वर्णन येते, तेही अगदी घरगुती आहे. घर बांधणाराच त्या घरात राहील, द्राक्षमळा लावणाराच त्याची फळे खाईल, चार दिवसांचे बाळ दगावणार नाही. ज्यांच्या पिकावर दुसऱ्यांनी हात मारला आणि ज्यांची घरे शत्रूंनी बळकावली, त्यांचे हे स्वप्न आहे. पुढे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात अँटिओकस राजाने यहुद्यांच्या धर्मावर घाला घातला, तेव्हा एक टोकदार प्रश्न उभा राहिला. सत्यासाठी ज्यांनी जीव दिला त्यांना न्याय कधी मिळणार? त्यांच्या पश्चात जग सुधारले तरी ते पाहायला ते नसतील. दानिएलाच्या आणि मक्काबींच्या ग्रंथांत पुनरुत्थानाची भाषा ठळक होते ती या प्रश्नापोटी. मला हे फार महत्त्वाचे वाटते. या आशेच्या मुळाशी मरणाच्या भीतीइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त, अन्यायाची चीड आहे.

येशू मेलेल्यांतून उठला, या साक्षीने पहिल्या ख्रिस्ती मंडळींच्या मनात ही आशा पक्की केली. शेवटी जे सगळ्यांच्या वाट्याला येणार ते एका माणसाच्या बाबतीत आधीच घडले, असे त्यांनी मानले. प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना पेरलेल्या दाण्याचा दाखला दिला आणि मरणाला शेवटचा शत्रू म्हटले. रोमच्या मंडळीला त्याने लिहिले की सगळी सृष्टीच बाळंतवेणा सोसते आहे. म्हणजे त्याच्या लेखी कण्हणारी फक्त माणसेच नाहीत. डोंगर, नद्या, जनावरेही सुटकेची वाट पाहत आहेत.

ही आशा किती शारीर होती, ते तिच्या शत्रूंनी बरोबर ओळखले होते. इसवी सन १७७, गॉल प्रांतातले लुग्दुनुम, म्हणजे फ्रान्समधले आजचे लिऑन. सम्राट मार्कस ऑरेलियसचा काळ. तिथल्या ख्रिस्ती लोकांवर जमाव उठला. नव्वदी ओलांडलेला बिशप पोथिनस तुरुंगात मेला. ब्लँडिना नावाच्या गुलाम मुलीचा इतका छळ झाला की छळणारेच थकले. अखेर आखाड्यात जनावरांपुढे टाकून तिचा अंत करण्यात आला. वाचलेल्यांनी आशिया मायनरमधल्या मंडळ्यांना पाठवलेले पत्र युसेबियस या इतिहासकाराने जपून ठेवले आहे. त्यात पुढची हकीकत येते. प्रेते पुरायला दिली नाहीत. सहा दिवस ती उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख ऱ्होन नदीत लोटली. राखच वाहून गेली तर ही माणसे उठणार कशी, हा त्यामागचा हिशेब होता.

या मंडळीचा पुढचा बिशप झाला आयरेनियस. इसवी सन १८० च्या सुमारास त्याने पाखंडी मतांच्या खंडनार्थ पाच भागांचा ग्रंथ लिहिला. जडसृष्टी मुळातच हीन आहे आणि खरा ज्ञानी माणूस तिच्यातून निसटून जातो, असे शिकवणारे पंथ तेव्हा जोरात होते. आयरेनियस त्यांना सांगतो, देवाने मातीपासून माणूस घडवला आणि तीच माती तो पुन्हा उभी करणार आहे. पेपियस नावाच्या त्याच्याहून जुन्या लेखकाची एक कथाही त्याने नोंदवली आहे. येणाऱ्या काळात एकेका द्राक्षवेलीला दहा हजार फांद्या फुटतील, प्रत्येक फांदीला दहा हजार डहाळ्या, आणि हे गुणाकार चढत चढत एकेका मण्यातून पंचवीस मापे द्राक्षरस निघेल. कोणी एक घड तोडायला गेला तर शेजारचा घड ओरडेल की मी जास्त चांगला आहे, मला घे! पुढच्या विद्वानांना ही कथा बाळबोध वाटली. ज्याच्या ओळखीच्या माणसांची राख नदीत गेली, त्याने ती इतक्या मायेने लिहून ठेवावी, यापुढे मात्र मला तो बाळबोधपणा दिसेनासा होतो.

शतकानुशतके ख्रिस्ती लोक मृतांना पुरत आले, तेही याच विश्वासापोटी. राखेतून देवाला माणूस उभा करता येत नाही असे चर्चने कधी म्हटले नाही, पण देहाचा मान राखायचा तर दफन बरे, अशी धारणा राहिली. कॅथलिक चर्चने दहनावरची बंदी १९६३ मध्ये उठवली. २०१६ मध्ये व्हॅटिकनने पुन्हा बजावले की रक्षा विखरू नये, पवित्र जागी ठेवावी. वसईत २ नोव्हेंबरला, बहुधा दिवाळीच्या आगेमागेच, कबरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी सजवल्या जातात, तेव्हा त्यामागे आठवणीबरोबर ही वाट पाहणेही असते.

आता आक्षेपाकडे येतो. तो खरा आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. पुढे सगळे छान होणार आहे, तोवर गप्प सोसा, असे सांगायला ही आशा फार सोयीची पडते. धर्म ही अफू आहे असे मार्क्सने लिहिले ते १८४४ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच काळात अमेरिकेत गुलामांचे मालक आज्ञाधारकपणाची प्रवचने घडवून आणत होते. पण ऐकणाऱ्यांनी भलतेच ऐकले. गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसने १८५५ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे की त्याचे सोबती कनान देशाची गाणी म्हणत, तेव्हा त्यांच्या मनात उत्तरेकडची स्वतंत्र राज्ये असत.

विसाव्या शतकात या आक्षेपाला सर्वांत कसदार उत्तर दिले ते युर्गेन मोल्टमन या जर्मन धर्मचिंतकाने. तो हॅम्बुर्गच्या एका अधार्मिक घरातला, गणित आणि भौतिकशास्त्राची ओढ असलेला मुलगा. जुलै १९४३ मध्ये शहरावर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा सतरा वर्षांचा मोल्टमन विमानविरोधी तोफेवर होता. शेजारी उभा असलेला मित्र ठार झाला, हा वाचला. आपण का वाचलो, आणि देव कुठे आहे, हे दोन प्रश्न त्या रात्रीपासून त्याच्या मागे लागले. १९४५ मध्ये तो ब्रिटिशांना शरण गेला. स्कॉटलंडमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्याच्या हाती बायबल आले. क्रुसावरच्या येशूने मारलेली, आपल्याला टाकून दिल्याची हाक त्याने वाचली आणि त्याला वाटले, हा मला ओळखतो. १९६४ मध्ये ‘आशेचे ईश्वरशास्त्र’ हा त्याचा ग्रंथ आला. त्यातला गाभा असा: ज्याला नव्या जगाचे वचन मिळाले आहे तो आहे त्या जगाशी जुळवून घेऊच शकत नाही. आशा माणसाला अस्वस्थ करते. तुरुंग, उपासमार, शोषण यांना ती नैसर्गिक मानू देत नाही. मोल्टमन जून २०२४ मध्ये वारला, अठ्ठ्याण्णव वर्षांचा होऊन.

त्याचे म्हणणे तपासायचे तर ग्रंथालयापेक्षा रुग्णालयात जावे. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स ही आधी परिचारिका, मग रुग्णालयातली समाजसेविका होती. वॉर्सातून आलेला डेव्हिड टास्मा हा यहुदी निर्वासित १९४८ मध्ये कर्करोगाने मरत असताना ती त्याच्याजवळ बसत असे. त्याने आपले पाचशे पौंड तिच्या नावे ठेवले. तुझ्या घराला मी एक खिडकी होईन, असे त्याचे म्हणणे होते. घर तर अजून कुठेच नव्हते. मरणाऱ्यांचे ऐकायचे तर डॉक्टरच व्हायला हवे म्हणून तिने वैद्यकाचे शिक्षण घेतले. दुखणे उसळेपर्यंत न थांबता ठरावीक वेळाने मॉर्फिन द्यायचे, हे हॅकनीच्या सेंट जोसेफ्स या मरणाऱ्यांच्या शुश्रूषेच्या घरात, म्हणजे हॉस्पिसमध्ये, काम करताना तिने नोंदी ठेवून सिद्ध केले. १९६७ मध्ये तिचे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झाले. टास्माची खिडकी तिथे आहे. सॉन्डर्स निष्ठावान ख्रिस्ती होती. तिने मरण लांबवण्याचा अट्टहास केला नाही आणि ते घाईने आणायलाही ठाम विरोध केला. मरण शत्रू आहे, पण ते शेवटचा शब्द बोलणार नाही, असे मानणाऱ्यालाच हा तोल साधतो, असे मला वाटते. भारतातले अशा प्रकारचे पहिले घर १९८६ मध्ये मुंबईत, वांद्र्याच्या माउंट मेरीजवळ उभे राहिले: डॉ. एल. जे. डिसोझा यांनी स्थापलेले शांती अवेदना. उपचारांच्या पलीकडे गेलेल्या कर्करुग्णांची तिथे धर्म न विचारता, पैसे न घेता शुश्रूषा होते.

एका प्रश्नावर मात्र ख्रिस्ती मंडळींचे अजून एकमत नाही. नव्या जगात जुन्या जखमांचे काय होणार? संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात ‘देवनगरी’च्या शेवटच्या भागात यावर पाने खर्ची घातली. तान्ही मुले पूर्ण वाढ झालेल्या देहाने उठतील, तुटलेले अवयव परत जुळतील, पण हुतात्म्यांच्या अंगावरचे वण राहतील, कारण त्यांत कुरूपता नाही, मान आहे. आधार होता शुभवर्तमानाचा: उठलेल्या येशूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा होत्या, आणि परंपरेने भारतात आल्याचे मानले जाते त्या शिष्य थॉमसला त्याने त्या दाखवल्या.

१९९४ मध्ये नॅन्सी आइसलँड या अमेरिकी अभ्यासक बाईंनी ‘अपंग देव’ या पुस्तकात हाच धागा पुढे नेला. त्यांना जन्मापासून हाडांचे व्यंग होते, लहानपण शस्त्रक्रियांत गेले. स्वर्गात तू धडधाकट होशील, असे लोक त्यांना समजावत. त्यांना ते पटेना. आपल्या व्यंगासकटच आपण आपल्याला ओळखतो, ते काढून घेतले तर देवासमोर उभी राहील ती कोण, असे त्यांनी विचारले. उलट, व्यंगामुळे रोज असह्य कळा सोसणाऱ्या अनेकांना ऑगस्टीनचे तुटलेले अवयव जुळण्याचेच म्हणणे हवेसे वाटते: आमची वेदना जाऊ द्या, आठवणही उरायला नको. आइसलँड २००९ मध्ये गेल्या, जेमतेम चव्वेचाळीस वर्षांच्या. त्यांचा प्रश्न आज धर्मशिक्षणाच्या वर्गांत शिकवला जातो, आणि उत्तर देताना शिक्षकांना पुन्हा त्या खिळ्यांच्या खुणांपाशीच यावे लागते.