पुडी, बाटली आणि काढ्याचा चोथा : चिकित्सालयातील वेष्टनाचा पुनर्विचार

शार्ङ्गधर संहितेने चूर्णाची सवीर्यता दोन महिने सांगितली आहे, गुटिका व अवलेह यांची एक वर्ष. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १६१ ब मात्र काष्ठौषधींच्या चूर्णास २ वर्षांची मुदत देतो. द्रव्ये तीच, कुटणे-गाळणे तेच. मग दोन महिन्यांची दोन वर्षे झाली कशी? माझ्या मते याचे श्रेय मुख्यतः वेष्टनाला आहे. वेष्टन म्हणजे औषधाचा नुसता पोशाख नव्हे, त्याच्या वीर्याचे ते रक्षण करते. पुनर्वापरातील साहित्यापासून औषधाचे वेष्टन तयार करण्याचा विचार करताना हीच कसोटी प्रथम समोर ठेवावी लागते.

आपल्यापैकी बहुतेक जण रुग्णास सात दिवसांचे औषध देतात, आणि ते बांधून देतात दोन वर्षे टिकणाऱ्या बहुस्तरीय पाकिटात. प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असल्याने ही पाकिटे भंगारवालाही घेत नाही. खेड्यात ती शेवटी चुलीत किंवा उकिरड्यावर जातात. महाराष्ट्र शासनाच्या मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदी अधिसूचनेत औषधांच्या वेष्टनास सूट आहे हे खरे. परंतु श्वासाच्या रुग्णास धूर वर्ज्य सांगावयाचा आणि त्याच्याच चुलीत जळेल असे पाकीट त्याच्या हाती द्यावयाचे, यात विसंगती नाही काय?

सिद्धेश्वर येथे हा प्रश्न अधिक अवघड होतो. पूर्णा नदीवरील धरणाचा जलाशय जवळ असल्याने श्रावण-भाद्रपदात हवा सर्द असते. लवणभास्कर चूर्ण साध्या पुडीत ठेवले तर पाहता पाहता त्याचा गोळा होतो. सितोपलादीतील खडीसाखरही ओल धरते. त्रिफळा तुलनेने तग धरते. हिंग्वाष्टकाचा प्रश्न निराळा. तेथे ओल आत येते तशी गंधद्रव्याची उडनशीलता बाहेर जाते. म्हणून ‘चूर्णांसाठी एक वेष्टन’ असा विचार न करता कल्पागणिक नमुना करावा लागतो.

पुनर्वापर म्हटले की प्रथम आठवते ती वर्तमानपत्राची पुडी. आपल्या गुरुजनांच्या पिढीने ती सर्रास वापरली. आज तिचे समर्थन करता येणार नाही. छपाईच्या शाईतील द्रव्ये, विशेषतः तेलकट व उष्ण पदार्थांत, उतरतात. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टन विनियमांनी अन्नपदार्थांसाठी वर्तमानपत्राचा वापर निषिद्ध केला आहे. जे भज्यांना चालत नाही ते सितोपलादीला कसे चालावे? एका बाजूने कोरा असलेला छापील कागदही याच कारणाने आतील थरासाठी त्याज्य समजावा.

येथे मराठवाड्याचाच एक जुना उद्योग उपयोगी पडतो. दौलताबादजवळचे कागजीपुरा हे हातकागद करणाऱ्यांचे गाव. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादेस हलविली तेव्हा त्याच्याबरोबर कागद करणारे कारागीर आले, अशी परंपरा सांगितली जाते. पुण्यातील हातकागद संस्था १९४० ची, गांधीजींच्या ग्रामोद्योग विचारातून उभी राहिलेली. दोन्ही ठिकाणच्या कागदाचा पाया सुती चिंध्यांचा. कापडाच्या कातरणांचा लगदा करून त्यातून केलेल्या या कागदासाठी झाड तोडावे लागत नाही, आणि कापसाचे लांब तंतू असल्याने त्याची घडी सहसा फाटत नाही. मागणी नोंदवताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात : कातरण कोरे असावे, कागद न रंगविलेला असावा आणि त्यात रद्दीचा लगदा मिसळलेला नसावा. असा कागद बाहेरून आणि बटर पेपरचा थर आतून, अशी दुपदरी पुडी त्रिफळ्यासारख्या चूर्णास सात दिवसांपुरती द्यावी. लवण व क्षारयुक्त कल्प मात्र काचेतच ठेवावेत. तेथे कागदाचा हट्ट धरू नये.

काचेच्या बाटलीइतके पुनर्वापरास योग्य दुसरे पात्र नाही. शेड्यूल ‘टी’ने बाटल्या धुण्या-वाळविण्यासाठी निर्मितीपासून वेगळी व्यवस्था मागितली आहे, हे फार्मसीमालकांना ठाऊक आहेच. अडचण धुण्याची नाही, बाटलीचा पूर्वेतिहास न कळण्याची आहे. भंगारातून आलेल्या बाटलीत काय होते ते कोणी सांगावे? शेतीच्या गावात कीटकनाशक असणेही अशक्य नाही. म्हणून फक्त स्वतःच्या चिकित्सालयातून गेलेली, खूण असलेली बाटली परत घ्यावी. त्यासाठी अल्प अनामत ठेवली तर रुग्ण आठवणीने आणून देतात. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून, स्वच्छ पाण्याने खळबळून, ओव्हनच्या कोरड्या उष्णतेत पूर्ण वाळवावी. झाकण व त्यातील चकती प्रत्येक वेळी नवीच हवी. तैल-घृताची प्लास्टिक बाटली कितीही धुतली तरी वास सोडत नाही. तिचा पुनर्वापर करू नये.

बाहेरच्या थरास मात्र मोकळीक आहे. हिंगोली व वसमत ही हळदीची मोठी बाजारपेठ. वसमत हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीचे तागाचे जुने बारदान कापून, उकळत्या पाण्यातून काढून, काढ्याच्या व आसवांच्या बाटल्यांसाठी पिशव्या शिवता येतात. खताचे पोते घेऊ नये.

आता वेष्टनाकडून कल्पाकडे वळू. काढा गाळल्यानंतर उरणारा चोथा आपण टाकून देतो. दशमुळासारख्या काष्ठमय द्रव्यांचा चोथा वाळवून, दळून, गाळून धूपवडीचा पिंड म्हणून वापरता येतो. बांधणीसाठी जिगट, गंध व गुणासाठी गुग्गुळ, राळ, कडुनिंब, वेखंड. चोथा त्याच दिवशी पसरून वाळविला नाही तर पावसाळ्यात लगेच बुरशी धरतो, हा सर्वांत नाजूक टप्पा. वड्या सावलीत वाळवाव्यात. उन्हात त्या तडकतात. भल्लातक, कुचला, वत्सनाभ यांचा स्पर्श झालेला चोथा चुकूनही धूपासाठी घेऊ नये.

अशा वडीस ‘अपराजित धूप’ म्हणता येणार नाही. तो योग ग्रंथोक्त घटकांचाच असला पाहिजे. चोथ्याचे सार काढ्यात गेलेले असते. सुगंधी धूप म्हणून द्यावा, गुणाचा दावा करू नये. कानपूर येथे देवळांतील निर्माल्यापासून उदबत्ती करणाऱ्या ‘फूल’ने टाकाऊ वाटणाऱ्या द्रव्यालाही ग्राहक मिळतो हे दाखविले आहे. औंढा नागनाथाच्या निर्माल्याचा असाच विचार होऊ शकेल, पण त्यातील कुंकू, दोरे आणि फुलांवरील फवारणी यांचा निकाल आधी लावावा लागेल.

नमुन्याच्या परीक्षेस प्रयोगशाळा लागतेच असे नाही. प्रत्येक प्रकारच्या पाच पुड्या ५० ग्रॅम चूर्ण भरून मृगात ठेवाव्यात. शेजारी त्याच घाण्याची एक घट्ट झाकणाची काचेची बाटली. दर आठवड्यास वजन, आणि रंग, गंध, चव, गुठळी यांची नोंद. वजन वाढले म्हणजे ओल शिरली. वजन स्थिर असून गंध गेला तर दोष कागदाचा नसून कल्पासाठी पात्रच चुकले. हे सर्व भाद्रपद संपेपर्यंत पाहावे आणि मगच कागदाची मोठी मागणी नोंदवावी. स्वतःच्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या वैद्यास परवान्यातून सूट आहे. विक्रीसाठी बनविणाऱ्या फार्मसीला मात्र वेष्टन बदलताना स्थैर्यपरीक्षण व नियम १६१ नुसार लेबल हे दोन्ही चुकत नाही. तिने आतले पात्र तसेच ठेवून खोके, भरणसाहित्य आणि बारदानापासून आरंभ करावा.

लेबल चिकटविण्याचा प्रश्न किरकोळ वाटतो, तसा तो नाही. कणकेच्या खळीला कसर लागते, आणि कसर टाळण्यासाठी बाइंडर खळीत मोरचूद घालतात. ती खळ औषधाच्या पुडीजवळ येऊ देऊ नये. बाभळीच्या डिंकाचे दाट पाणी लेबलापुरते पुरते. ते आठवड्याला ताजे करावे.