ईदची नानकटाई आणि बेकरीवाल्याचा हिशेब

रमजानचा विसावा रोजा उलटला की साताऱ्याच्या सदर बझारात काय किंवा सांगलीच्या खणभागात काय, एक ओळखीची वर्दळ सुरू होते. डोक्यावर पत्र्याचा डबा, हातात पिशवी आणि बरोबर एखादे लहान मूल अशा बायका बेकरीच्या मागच्या दाराशी जमू लागतात. डब्यात मैदा, पिठीसाखर आणि तूप असते, पिशवीत वेलदोडे-जायफळाची पुडी. घरचा माल बेकरीत न्यायचा, तिथल्या पत्र्यांवर गोळे मांडायचे, भट्टीतून भाजून घ्यायचे आणि डबा भरून घरी आणायचा. ईदच्या दिवशी शीरखुर्म्याच्या वाटीशेजारी ही नानकटाई नसेल तर पाहुण्यांना काहीतरी राहिल्यासारखे वाटते.

हे चित्र केवळ आपल्याच घरांतले नाही. दिवाळीच्या आधी याच भट्ट्यांपुढे हिंदू भगिनींची रांग लागते आणि नाताळात ख्रिस्ती कुटुंबे येतात. बेकरीवाला एकच, भट्टी एकच. "भाई, माझे चार पत्रे आज होतील का?" आणि "चाचा, आमचा नंबर कधी?" हे दोन्ही प्रश्न त्याच्या कानाला सारखेच परिचयाचे.

या धंद्याकडे आपण जोडधंदा म्हणून पाहतो. सणाच्या चार दिवसांची धावपळ, शेजारधर्माचे काम, असे म्हणून बेकरीवाले त्याचा हिशेबही ठेवत नाहीत. आमचे मत वेगळे आहे. तयार पुड्यांच्या जमान्यात लहान बेकरीला तगवून धरणारे हे काम आहे. मात्र ते हिशेबाने केले पाहिजे.

नाव भाकरीचे, पण खमीर नाही

'नान' हा फारसी शब्द, त्याचा अर्थ भाकरी किंवा पाव. पण नानकटाईत पावासारखे खमीर नसते. कणीक फुगण्याची वाट पाहावी लागत नाही. तूप आणि साखर फेसून त्यात जी हवा कोंडली जाते तिने आणि चिमूटभर सोड्याने ती फुलते. या पदार्थाचे मूळ सुरतेत सांगितले जाते. डच व्यापाऱ्यांनी तेथे भट्टी घातली, जाताना ती आपल्या पारशी कारागिराच्या हवाली केली आणि पुढे पावाला गिऱ्हाईक कमी पडू लागल्यावर त्याने स्थानिक जिभेला रुचेल असा हा गोड, खुसखुशीत प्रकार काढला, अशी कथा आहे. ती कथा असो. धंद्यातले मंदीचे दिवस नव्या मालाने निभावता येतात हा तिचा बोध मात्र आजही उपयोगाचा आहे.

खमीर नसल्याने पीठ मळल्यापासून भाजून होईपर्यंत तासाभरात काम आटोपते. म्हणूनच गर्दीच्या दिवसांत एकाच भट्टीवर अनेक घरांचा माल निघू शकतो.

एका सरपणात तीन माल

विटांच्या लाकडी भट्टीचे गणित ज्याला कळले त्याला नानकटाईचे मोल कळेल. पहाटेच्या पावाला कडक आच लागते, साधारण २२० ते २५० अंश सेल्सिअस. पाव निघाल्यावर विटा लगेच थंड होत नाहीत. त्या उतरत्या उष्णतेवर, १६० ते १७० अंशांच्या आसपास, नानकटाई १५ ते २० मिनिटांत होते. त्याहून खाली गेलेल्या आचेवर रात्रभर टोस्ट वाळवता येतो. म्हणजे पावासाठी जाळलेल्या सरपणाच्या उरलेल्या उबेतून नानकटाईची मिळकत होते. भाजून घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा मैदा, साखर आणि तूप त्याचेच असते. बेकरीवाल्याचे भांडवल कच्च्या मालात अडकत नाही, उधारी होत नाही आणि न खपलेला माल परत येत नाही. तो फक्त ऊब, पत्रे आणि हातोटी विकतो. कमी भांडवलाच्या तरुणाला याहून सोपी सुरुवात कोणती?

भाजणावळ कशावर घ्यावी?

येथेच आपले बेकरीवाले चुकतात असे आम्हाला वाटते. पुष्कळ ठिकाणी भाजणावळ मैद्याच्या किलोवर घेतात. एक उदाहरण घेऊ. एका भाभीने १ किलो मैद्याला अर्धा किलो तूप आणि अर्धा किलो साखर घातली. एकूण गोळा २ किलोचा. २५ ग्रॅमचा एक नग धरला तर ८० नग होतात. एका पत्र्यावर ४० नग बसत असतील तर दोन पत्रे भरले. दुसऱ्या घरच्या आपांनी १ किलो मैद्यालाच पाऊण किलो तूप आणि पाऊण किलो साखर घातली. गोळा अडीच किलोचा, नग १००. आता तिसरा पत्रा लागला आणि तोही अर्धाच भरला. भट्टीत जागा तीन पत्र्यांची गेली, पैसे मात्र दोघींकडून सारखेच आले.

म्हणून दर पत्र्यावर असावा. भट्टीत एका वेळी किती पत्रे बसतात, एका सरपणात किती खेपा निघतात, मदतनिसाची मजुरी किती, हे मांडून पत्र्यामागचा खर्च काढावा आणि त्यावर वाजवी नफा धरून दर पाटीवर लिहावा. गिऱ्हाइकाला आधी सांगितलेला दर कधीच जड वाटत नाही. डबा भरल्यावर सांगितलेला वाटतो. विधवा भगिनीला किंवा गरजू घराला सूट द्यायची तर खुशाल द्यावी, ते सवाबाचे काम आहे. पण सूट किती दिली हे तरी स्वतःला माहीत असावे.

तुपाचा प्रश्न

नानकटाई खुसखुशीत होते ती घट्ट तुपामुळे. पातळ तेल फेसून त्यात हवा धरत नाही. घट्ट तूप धरते. साजूक तूप प्रत्येकाला परवडत नाही, म्हणून १९३७ मध्ये बाजारात आलेल्या डालड्याने बेकऱ्यांचा कबजा घेतला आणि आपल्या बोलीत वनस्पती तुपाचे नावच डालडा पडले. परंतु अर्धवट हायड्रोजन जोडलेल्या अशा तुपात जी ट्रान्स चरबी तयार होते ती हृदयाला घातक आहे, हे पुढे सिद्ध झाले. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तिची मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. ही मर्यादा तेला-तुपापुरतीच नाही. ते वापरून केलेल्या पदार्थातील चरबीलाही ती लागू आहे.

याचा बेकरीवाल्याने काय अर्थ घ्यावा? सुटे, बिनानावाचे तूप स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. डब्यावरचा मजकूर वाचावा, बिल ठेवावे आणि स्वतः विकत असलेल्या नानकटाईत कोणते तूप आहे ते गिऱ्हाइकाला सांगावे. साजूक तुपाची आणि वनस्पतीची नानकटाई वेगळी ठेवावी, दर वेगळा ठेवावा. वनस्पती वापरून साजूकच्या नावाने विकणे ही फसवणूक आहे, आणि त्या नफ्यात बरकत नाही हे वेगळे सांगायला नको.

सत्ताविसाव्या रोजाची रात्र

या धंद्यात खरी कसोटी शेवटच्या तीन दिवसांत लागते. आमच्याच घरची एक आठवण आहे. ईदच्या आदल्या रात्री डबा बेकरीत दिला होता. गर्दी एवढी की पावाची खेप निघताच भट्टी उतरू न देता पत्रे आत सरकवले गेले. नानकटाई वरून करपली, आतून कच्ची राहिली. अम्मीने महिनाभर जपून ठेवलेले साजूक तूप त्यात होते. कारागिराने मान खाली घातली, मालकाने "गर्दीत असे होतेच" म्हटले. त्या घराने पुढच्या वर्षी दुसरी भट्टी धरली आणि आजतागायत परत पाऊल टाकलेले नाही.

दोष एकट्या कारागिराचा नव्हता. त्या रात्रीचे काम किती घ्यायचे हे कोणी ठरवलेच नव्हते. यावर उपाय साधे आहेत. विसाव्या रोजापासून वही घालावी, दिवस आणि वेळ लिहून चिठ्ठी द्यावी. शेवटच्या दोन रात्री ठरावीक पत्र्यांच्या वर एकही घेऊ नये. प्रत्येक पत्र्याला नंबराची पट्टी लावावी, म्हणजे अदलाबदल होणार नाही. प्रत्येक खेपेआधी दोन-चार नगांचा एक नमुना भाजून पाहावा. आणि आपल्या चुकीने माल बिघडला तर मैदा-तुपाची भरपाई द्यावी, हे पाटीवरच लिहावे. गिऱ्हाइकाचा डबा आपल्याकडे अमानत असतो.

भगिनींसाठीही दोन शब्द. तूप-साखर पांढरी, हलकी होईपर्यंत फेसावी. त्यातला थेंब पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. सोडा जास्त झाला तर नानकटाई पसरते आणि तोंडाला खारट चव येते. पत्र्यावर दोन गोळ्यांत बोटभर अंतर ठेवावे. भाजून आल्यावर पूर्ण निवेपर्यंत डब्याचे झाकण लावू नये, नाहीतर वाफेने सगळी मेहनत मऊ पडते.

सण फिरतो, भट्टी जागेवर

आपले वर्ष चांद्र असल्याने ईद दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येते. २०२४ मध्ये रमजान ईद ११ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ३१ मार्चला. दिवाळी मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही. २००५ आणि २००६ मध्ये हे दोन्ही सण एकाच आठवड्यात आले होते. असा योग साधारण ३३ वर्षांनी परत येतो. मधल्या वर्षांत बेकरीवाल्याला ईद, दिवाळी आणि नाताळ असे तीन वेगळे हंगाम मिळतात. एका हंगामाची कमाई दुसऱ्यापर्यंत पुरवायची आणि पत्रे, फरशी, धुराडे यांची दुरुस्ती मधल्या रिकाम्या दिवसांत उरकायची, असे वर्षाचे नियोजन करणारा मालक क्वचितच कर्जात अडकतो.

सांगलीकरांना एक हंगाम आणखी मोजावा लागतो, तो पुराचा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि १२ तारखेची बकरी ईद त्या संकटातच आली. जुलै २०२१ मध्ये बकरी ईदनंतर दोन-चार दिवसांतच पुन्हा पूर आला. मैद्याची पोती आणि सरपण उंचावर ठेवणे, यंत्रांचा आणि मालाचा विमा उतरवणे हा आता काटकसरीत बसणारा खर्च आहे. पाण्यात भिजलेली विटांची भट्टी एकदम पेटवू नये. मंद आचेवर काही दिवस सुकवावी, नाहीतर आतली वाफ विटांना तडे पाडते.

आपला गूळ, आपला बेदाणा

भाजणावळीवर हात बसला की पुढची पायरी स्वतःच्या मालाची. येथे मुंबई-पुण्याच्या पुड्यांची नक्कल करण्याची गरज नाही. कराडच्या बाजूचा गूळ आपल्या दाराशी आहे. सांगली जिल्ह्याच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तासगावचा बेदाणा बाजार देशभर ठाऊक आहे. गव्हाचे पीठ, गुळाची पूड आणि बारीक चिरलेला बेदाणा घातलेली नानकटाई हा आपल्या मातीचा माल ठरेल. मात्र गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो आणि ओल धरतो. म्हणून आच थोडी कमी, वेळ थोडा जास्त ठेवावा आणि आधी लहान खेपेवर प्रयोग करावा.

पाकीटबंद माल विकायचा तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी हवी आणि पाकिटावर घटक, वजन, तारीख, नोंदणी क्रमांक हवा. बिस्किटे, केक आणि बेकरीच्या तत्सम मालावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला, ही लहान उत्पादकाला दिलाशाची गोष्ट झाली. दुसऱ्या बाजूने, मुंबईत उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले. तो आदेश मुंबईपुरता असला तरी वाऱ्याची दिशा ओळखावी. नवी भट्टी घालणाऱ्याने गॅस किंवा विजेच्या भट्टीचा हिशेब लाकडाच्या हिशेबाशेजारी मांडूनच निर्णय घ्यावा. लोखंडी भट्टी विटांसारखी ऊब धरून ठेवत नाही, तेव्हा 'एका सरपणात तीन माल' हे गणित तिथे जसेच्या तसे लागू होणार नाही हेही ध्यानात ठेवावे.

मोठ्या कारखान्याची पुडी दुकानात बारा महिने मिळते आणि ती बहुधा स्वस्तही पडते. तरीही ईदच्या आधी बायका डबा घेऊन भट्टीपुढे उभ्या राहतात, कारण घरच्या तुपाची आणि आपल्या हाताची चव त्यांना हवी असते. हे गिऱ्हाईक जाहिरातीने आलेले नाही. सासूकडून सुनेकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे आलेले आहे. ते टिकवायला पाटीवर लिहिलेला दर, वहीत लिहिलेली वेळ आणि न करपलेला पत्रा एवढे पुरेसे आहे. आमच्या बेकरीवाल्या बांधवांनी येत्या सणाआधी एक साधी वही घालावी, एवढीच विनंती.