नळी लांब म्हणजे मार लांब? रायफलच्या लांबीचं गणित समजून घ्या

खानापूर, चंदगड, दोडामार्ग, सत्तरी या डोंगरपट्ट्यात पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगणारी घरं आजही आहेत. कुठे आजोबांच्या वेळची ठासणीची, कुठे बाराबोर, एखाद्याकडे .315 ची रायफल. या सगळ्यांत एक समज पक्का बसलाय: नळी जितकी लांब, तितका मार लांब आणि नेम सरळ. यात थोडं खरं आहे, पण बरंचसं जुन्या बंदुकीचं सत्य नव्या रायफलला चिकटवलेलं आहे.

आधी नळीचं काम बघू. चाप ओढला की काडतुसातली दारू पेटते, वायू तयार होतो आणि तो गोळीला मागून ढकलतो. गोळी नळीत आहे तोवरच हा रेटा तिला मिळतो. म्हणून नळी लांब असेल तर गोळी थोडी जास्त वेगाने बाहेर पडते. ठासणीच्या बंदुकीत काळी दारू असायची. तिचा दाब कमी, त्यामुळे वेग मिळवायला लांब नळी लागायची. आजची बिनधुराची दारू बहुतेक रेटा सुरुवातीच्या काही इंचांतच देऊन टाकते. नळी वाढवत गेलं तर वेग वाढतो, पण प्रत्येक पुढचा इंच आधीच्यापेक्षा कमी देतो. कॉमर्सवाल्यांना घटत्या फलाचा नियम आठवेल, हिशोब तोच.

आकडे घेऊ. .308 हे शिकारीचं जगभर चालणारं काडतूस. 24 इंची नळीतून त्याची 150 ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण 850 मीटर वेगाने निघते. नळी एक इंचाने कमी केली की ढोबळमानाने 6 ते 9 मीटर वेग जातो. म्हणजे 24 ऐवजी 20 इंच नळी घेतली तर सुमारे 30 मीटर, शंभरात तीन-चार टक्के. 100 मीटरवर नेम बसवलेला असेल तर 200 मीटरवर गोळी फार तर दीड-दोन सेंटीमीटर जास्त खाली लागेल. जास्त दारूच्या मॅग्नम काडतुसांत हे नुकसान मोठं असतं, म्हणून त्या रायफलींना 24 ते 26 इंचांची नळी देतात. उलट छोट्या .22 च्या काडतुसाला 16 ते 18 इंचांत मिळायचा तेवढा वेग मिळून जातो, पुढची लांबी वेगासाठी वायाच.

मग नेमाचं काय?

नळीच्या लांबीने गोळी सरळ जात नाही. गोळीला फिरकी देऊन स्थिर ठेवतात ते नळीच्या आतले पेच. त्यातून नळी किती नीट बनवली आहे आणि काडतूस कसं आहे, यावर नेम ठरतो. सारख्याच जाडीच्या दोन नळ्यांत आखूड नळी जास्त ताठ असते, बार होताना कमी थरथरते.

तरी जुने लोक लांब नळीला मानायचे, त्याला कारण होतं. पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात जितकं अंतर जास्त, तितकी डोळ्याची चूक कमी होते. दुर्बीण बसवली की हा फायदा संपतो. बाराबोरमध्येही छर्रे किती पसरणार हे मुख्यतः नळीच्या तोंडाशी असलेल्या 'चोक'वर, म्हणजे आवळलेल्या भागावर ठरतं, लांबीवर नाही.

आखूड नळीची किंमत

बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं ठाणं, त्यामुळे .303 हाताळलेले माजी सैनिक इथे गावोगाव भेटतील. त्या रायफलची आधीची पिढी 30 इंची नळीची होती. 1907 मध्ये आलेल्या मार्क थ्रीची नळी 25 इंचांवर आली, आणि पहिलं महायुद्ध तिने निभावलं. 1944 मध्ये जंगलातल्या लढाईसाठी 'जंगल कार्बाइन' निघाली. नळी 19 इंचांहूनही कमी, वजन साधारण 4 किलोवरून सव्वातीन किलोच्या आत. झाडीत फिरवायला सोपी, पण खांद्याला बसणारा दणका जबर, आणि बाराची ज्वाळा झाकायला तोंडाला नरसाळ्यासारखा भाग बसवावा लागला.

शिकारीच्या रायफललाही हेच लागू. आखूड नळी जाळीत अडकत नाही, मचाणावर किंवा गाडीत वळवता येते, पटकन खांद्याला लागते. पण आवाज जास्त, ज्वाळा जास्त, हलकी असल्याने धक्काही जास्त. लांब नळी पुढे जड असते, त्यामुळे हातात स्थिर राहते, पण दिवसभर वाहायला आणि दाट रानात वळवायला त्रास देते. म्हणून ज्या देशांत शिकारीला परवानगी आहे, तिथे मोकळ्या माळावरचे शिकारी 24 इंचांकडे झुकतात, दाट जंगलातले 20-22 इंचांकडे.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. परवान्याची बंदूक घरात आहे म्हणून रानडुक्कर मारायची मुभा मिळत नाही, त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी लागते. शस्त्र कायदा 1959 मध्ये तर नळीच्या लांबीचाच उल्लेख आहे. संरक्षणासाठी किंवा खेळासाठी बिनपेचाच्या बंदुकीचा परवाना देताना नळी 20 इंचांपेक्षा कमी नसावी, असं कलम 13 सांगतं. कलम 6 नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे, बंदूक स्वतःच्या नावावर असली तरी. तेव्हा गंजलेलं किंवा फुटलेलं तोंड 'जरा कापून घेऊ' म्हणून लोहाराकडे जाऊ नका. परवानाधारक शस्त्रदुरुस्ती दुकान गाठा आणि आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. चार इंच नळी कमी झाली म्हणून रायफल सौम्य होत नाही. तिची चुकलेली गोळी तीन किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते, आणि आपल्या भागात एवढ्या अंतरात कुणाची तरी वस्ती, गोठा नाहीतर भातशेती येतेच. नळी 20 इंच असो की 26, बार टाकण्याआधी समोर मातीचा बांध किंवा चढ आहे ना, ते बघायला हवं.