बालकाच्या नावात आईचे नाव

मूल जन्माला येते ते आईच्या कुशीत; परंतु समाजात त्याची ओळख मात्र शतकानुशतके वडिलांच्या नावाने होत आली आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही महाराष्ट्रातील नाव लिहिण्याची रूढ रीत होय. शाळेचा हजेरीपट, सातबाराचा उतारा, नोकरीतील सेवापुस्तक अशा सर्व ठिकाणी तीच चालत आली. जिने मुलाला बोलायला शिकविले आणि बोट धरून शाळेच्या दारापर्यंत नेले, तिला या नावात जागा नव्हती. महाराष्ट्र राज्य मंत्रिमंडळाने ११ मार्च २०२४ रोजी घेतलेल्या निर्णयाने ही रीत बदलली. या बदलाचे मर्म जाणून घ्यावयाचे, तर आई मुलाला नेमके काय देते आणि त्या देण्याची नोंद आजवर का झाली नाही, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

लेण्यातील साक्ष

आईच्या नावाने ओळखले जाणे या भूमीला नवे नाही. नाशिकजवळील पांडवलेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतील एक दीर्घ प्राकृत शिलालेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील हा लेख सातवाहन राजमाता गौतमी बलश्री हिचा असून तो तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकीर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरला गेला. आपला दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याच्या पराक्रमाचे वर्णन करताना, तो आईची अखंड सेवा करणारा होता, हेही तिने आवर्जून नोंदविले आहे. गौतमीचा पुत्र, वासिष्ठीचा पुत्र अशी बिरुदे हे राजे अभिमानाने मिरवीत. अर्थात गादी मात्र पित्याकडून पुत्राकडेच जात असे. आईचे नाव गौरवाचे होते. वारसा मात्र पुरुषांच्या हाती होता.

छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा याहून बोलकी आहे. गुरूकडे विद्येसाठी निघालेल्या या मुलाला आपले गोत्र ठाऊक नव्हते. त्याची आई जबाला हिने, ते आपल्यालाही माहीत नाही, असे त्याला निःसंकोचपणे सांगितले. मुलाने तेच सत्य गुरूंपुढे ठेवले. गुरूंनी त्याचा स्वीकार केला आणि आईच्या नावावरून तो सत्यकाम जाबाल म्हणून ओळखला गेला. पित्याच्या नावाची जागा रिकामी असलेल्या मुलाचे काय करायचे, हा प्रश्न किती जुना आहे, हे यावरून ध्यानात येते.

पहिली शाळा

आईचे संस्कार हा शब्द आपण सहज वापरतो. परंतु हे संस्कार मुलाच्या जन्मापूर्वीच सुरू होतात, हे आता शास्त्रानेही दाखवून दिले आहे. नवजात अर्भक इतर स्त्रियांच्या आवाजातून आपल्या आईचा आवाज वेगळा ओळखते, कारण तो त्याने गर्भातच ऐकलेला असतो. गर्भधारणेपासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतचे सुमारे एक हजार दिवस शरीर आणि मेंदू यांच्या वाढीच्या दृष्टीने निर्णायक मानले जातात. जन्मानंतर पहिल्या तासाभरात स्तनपान आणि पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, हा सल्ला वैद्यक याच कारणाने देते.

शरीरापाठोपाठ भाषा येते. आपण मातृभाषा म्हणतो, ते उगीच नव्हे. पहाटे जात्यावर बसलेल्या आईच्या मांडीवर डोके ठेवून महाराष्ट्रातील असंख्य मुलांनी मराठीचा पहिला ताल ऐकला. अशा ओव्या गावोगावच्या स्त्रियांकडून संशोधकांनी मिळविल्या असून त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. परंतु शेतात आणि घरात काम करताना त्या सहज गाणी रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव स्वतः कवी झाले. १९५१ मध्ये बहिणाबाईंचे निधन झाल्यानंतर, उतरवून ठेवलेली ती गाणी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. आईने मुलाला भाषा दिली आणि मुलाने आईला तिचे नाव मिळवून दिले, असे हे उदाहरण आहे.

मात्र आईपण केवळ जन्म देण्यात नसते. महात्मा जोतीराव फुले यांची आई त्यांच्या तान्हेपणीच वारली. त्यांचा सांभाळ सगुणाबाई क्षीरसागर यांनी केला. पुढे जोतीराव आणि सावित्रीबाई या दांपत्याने एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव यशवंत ठेवले. ज्या मुलाला तत्कालीन समाजाने नाव नाकारले असते, तो शिकून डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगच्या साथीत सावित्रीबाई आणि यशवंत यांनी रुग्णांची सेवा केली. त्या सेवेतच प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे देहावसान झाले.

कागदावरील रिकामी जागा

आईचे हे कर्तृत्व समाज मान्य करीत असला, तरी कायद्याच्या आणि कचेरीच्या भाषेत त्याला दीर्घकाळ स्थान नव्हते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ नुसार अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणजे पिता आणि त्याच्यानंतर माता, असा क्रम होता. लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी केलेला अर्ज वडिलांच्या सहीअभावी परत आला, तेव्हा हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पित्यानंतर याचा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा नसून, पिता मुलाची जबाबदारी पाहत नसेल तेव्हाही माता नैसर्गिक पालक ठरते, असा निर्वाळा न्यायालयाने १९९९ मध्ये दिला. अविवाहित मातेला मुलाच्या पित्याचे नाव उघड न करताही पालकत्व मिळू शकते, असे २०१५ मध्ये स्पष्ट झाले. पारपत्राच्या अर्जात माता वा पिता यांपैकी एकाचेच नाव देण्याची मुभा २०१६ मध्ये मिळाली. एकट्या मातेच्या अपत्याला आयकर खात्याच्या पॅन अर्जात वडिलांचे नाव देण्याची सक्ती २०१८ मध्ये दूर झाली.

या प्रत्येक निर्णयामागे कोण्या आईचा हेलपाटा आणि कोण्या मुलाची कुचंबणा आहे. पतीने टाकलेल्या स्त्रीचे मूल शाळेत दाखल होते, तेव्हा अर्जातील एक रकाना त्याला पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारीत असतो. जो माणूस घरात नाही, त्याचे नाव मूल आयुष्यभर लिहिते आणि जी रोज मजुरी करून त्याला शिकविते, तिचे नाव मात्र लिहिले जात नाही, ही यातील खरी विसंगती होय.

निर्णयाचे स्वरूप

राज्याच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय अभिलेखांत पुढील क्रमाने लिहावयाचे आहे : प्रथम बालकाचे नाव, नंतर आईचे नाव, त्यानंतर वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव. शाळेतील नोंदी, परीक्षांची प्रमाणपत्रे, महसुली कागदपत्रे, सेवाविषयक कागद अशा सर्व ठिकाणी हा क्रम लागू होतो. अनाथ मुले आणि तत्सम अपवादात्मक प्रकरणांत सवलत आहे. विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचे नाव, पतीचे नाव व आडनाव ही प्रचलित पद्धत चालू ठेवण्यात आली असून, मालमत्तेच्या कागदपत्रांत विवाहापूर्वीचे नाव नोंदविण्याची मुभाही देण्यात आली आहे.

महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव यापूर्वीही छापले जात असे. परंतु तो एक स्वतंत्र रकाना होता. आता आईचे नाव बालकाच्या नावाचाच भाग झाले आहे. या निर्णयानंतर जन्मलेली पहिली मुले २०३० च्या सुमारास पहिलीच्या वर्गात बसतील. गुरुजी हजेरी घेतील, तेव्हा प्रत्येक मुलाच्या नावापाठोपाठ त्याच्या आईचे नाव वर्गात उच्चारले जाईल. ज्याचे वडील घरी आहेत आणि ज्याचे नाहीत, त्या दोघांच्याही नावात आईचे नाव एकाच जागी असेल.

नावापलीकडे

तथापि, कागदावर नाव चढले म्हणजे कार्य संपले असे नव्हे. आपल्या गावांत आजही अनेक स्त्रिया अमक्याची बायको किंवा तमक्याची आई म्हणूनच ओळखल्या जातात. काही घरांत विवाहानंतर तिचे स्वतःचे नावही बदलते. मुलाला ओळख देणारी स्त्री स्वतःची ओळख मात्र हरवून बसते. आईचे नाव लिहावयाचे, तर ते नाव आधी तिचे स्वतःचे असले पाहिजे.

तिचे आरोग्यही तितकेच महत्त्वाचे आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळून आला. सर्वांना वाढून झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या आईकडून सुदृढ पिढीची अपेक्षा करणे म्हणजे विहिरीत झरा नसताना पोहरा सोडण्यासारखे आहे. एक हजार दिवसांची काळजी ही केवळ मुलाची नव्हे, तर आईचीही काळजी होय. तीच गोष्ट शिक्षणाची. शिकलेली आई बाळाची लस चुकू देत नाही आणि मुलीची शाळा सहसा सुटू देत नाही. घराच्या व शेताच्या उताऱ्यावर तिचे नाव असेल, तर संकटाच्या वेळी मुलांच्या डोक्यावरील छप्पर टिकून राहते.

मुलाच्या घडणीचे सारे ओझे एकट्या आईवर टाकून तिचा गौरव करणे, हाही एक प्रकारचा अन्यायच आहे. नावात आई आणि वडील दोघेही शेजारी आले आहेत. संगोपनातही ते तसेच शेजारी यावयास हवेत. ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी आणि प्रत्येक कुटुंब यांनी ही जाणीव ठेवल्यास, बालकाच्या नावात आलेले आईचे नाव केवळ शासकीय अभिलेखातील बदल न राहता तिच्या घरातील व गावातील स्थानाचीही नोंद ठरेल.