सणाचा मासा

प्रत्येक समाजाच्या सणाला त्याचा असा एक पदार्थ असतो. त्या पदार्थात समाजाचा धर्म, त्याची परिस्थिती आणि गृहिणींचे चातुर्य ही तिन्ही एकत्र आलेली दिसतात. पूर्व युरोपातील ज्यू लोकांचा ‘गेफिल्टे फिश’ हा असाच एक पदार्थ होय. त्यांच्या यिद्दिश भाषेत ‘गेफिल्टे’ म्हणजे भरलेला. माशाचे मांस काढून, ते बारीक करून, पुन्हा त्याच्याच कातड्यात भरीत. म्हणून हे नाव पडले. पुढे कातडे गेले, नुसते गोळे राहिले. नाव मात्र टिकले.

एवढा खटाटोप कशासाठी? ज्यूंचा शब्बाथ हा विश्रांतीचा दिवस शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत असतो. त्या वेळात चूल पेटवू नये, तसेच चांगल्यातून टाकाऊ वेचून काढू नये, असा धर्मनियम आहे. माशाचे काटे वेचणे हेही त्यातच येते! काटे आधीच काढून मासा शिजवून ठेवला, म्हणजे नियमही पाळला जातो आणि सणही साजरा होतो.

दुसरे कारण गरिबीचे. पोलंड, लिथुएनिया, युक्रेन येथील पुष्कळ ज्यू कुटुंबांचे हातावर पोट असे. एक मासा घरातल्या साऱ्यांना कसा पुरावा? मग गृहिणी कार्प किंवा पाईक माशाच्या मांसात कांदा, अंडे आणि पावाचा चुरा मिसळीत. वल्हांडणाच्या सणात खमिराचा पाव वर्ज्य. तेव्हा मात्झा या बिनखमिरी भाकरीचा चुरा घालीत. पोलंडमध्ये हे गोळे गोडसर करीत, तर लिथुएनियात मिरी घालून तिखट.

हा पदार्थ पौष्टिकही आहे. मासा व अंडे यांतील प्रथिनांनी शरीराची वाढ होते व झीज भरून निघते. माशातून ब१२ जीवनसत्त्व मिळते. गोळे तळत नाहीत, पाण्यात उकडतात; त्यामुळे तेल फारसे लागत नाही. त्या पाण्यात माशाचे डोके व हाडे टाकतात. त्यांतील जिलेटिन उतरून रस्सा थंड होताच थिजतो. काहीच वाया जात नाही.

आपल्या कोकणातील बेने इस्राएल ज्यू शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पर व खवले असलेलाच मासा खाण्याचा नियम तेही पाळीत. मात्र त्यांचा मासा नारळाच्या रसात शिजे. नियम एकच, पण ज्या मातीत माणसे राहिली, त्या मातीची चव त्यांच्या ताटात उतरली.