एका अस्तराचे रोग

मूत्रमार्गाच्या कर्करोगावर युनियनवाल्याने का बोलावे? तर या रोगाचा एक धागा प्रथम सापडला तो कारखान्यात. १८९५ साली फ्रँकफुर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनी फुक्सिन हा किरमिजी रंग बनविणाऱ्या कामगारांतले मूत्राशयाच्या गाठीचे तीन रोगी दाखवून दिले.

मूत्रपिंडात मूत्र जेथे गोळा होते ती पोकळी, तेथून उतरणारी नलिका आणि खालचे मूत्राशय, या तिघांना आतून एकाच जातीचे अस्तर असते. मूत्रपिंडाच्या गाभ्यातला नेहमीचा कर्करोग निराळा. त्यात बहुधा तिसऱ्या गुणसूत्रावरील व्हीएचएल हे जनुक बिघडलेले असते. तो शेजारी खरा, पण या घराण्यातला नव्हे.

घराण्यातही सगळे सारखे नाहीत. एफजीएफआर-३ या जनुकातला बिघाड वरच्या पोकळीतल्या व नलिकेतल्या गाठींत आणि मूत्राशयाच्या उथळ गाठींत पुष्कळ आढळतो. मूत्राशयाच्या स्नायूत शिरणाऱ्या गाठींत टीपी-५३ बिघडलेले अधिक. लिंच या आनुवंशिक दोषात जनुकांच्या नकलेतल्या चुका दुरुस्त होत नाहीत, आणि त्याचा तडाखा मूत्राशयापेक्षा वरच्या भागाला जास्त बसतो. म्हणून तरुण माणसाला वर गाठ झाली, तर घरात आतड्याचा कर्करोग कोणाला होता काय, हे विचारलेच पाहिजे. आता नात्याचे पाहा. वरची गाठ काढल्यावर पुढे मूत्राशयात जी उठते, तिच्या जनुकांतल्या खुणा पुष्कळदा पहिलीशी जुळतात; म्हणजे दोन्ही एकाच पेशीची लेकरे!

विषही आपली खूण ठेवते. तैवानात ॲरिस्टोलोकिया वनस्पतीची औषधे घेतलेल्यांच्या गाठींत जनुकाच्या लिपीतील ‘ए’ या अक्षराच्या जागी ‘टी’ आलेला वारंवार सापडला.

आमच्या जिव्हाळ्याचे जनुक मात्र नॅट-२. रंगधंद्यातल्या आणि विडी-सिगारेटच्या धुरातल्या काही रसायनांचा जोर मोडणारे विकर ते बनविते. काहींचे विकर मंद असते, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्या अशा माणसांना मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका अधिक. यावर एखादा मालक म्हणेल, रक्त तपासून मंदांना कामावरून काढू. छान! पण चीनमध्ये बेन्झिडीन हाताळणाऱ्या कामगारांत मंदांना जास्त धोका दिसला नाही. रोग मात्र झाला. तेव्हा काढावयाचे ते बेन्झिडीन, माणूस नव्हे.

लघवीतून रक्त गेले, दुखत नसले तरी, डॉक्टरांकडे जा. आणि वीस वर्षांपूर्वी कोणत्या खात्यात होता तेही सांगा. ते आपणहून विचारतीलच असे नाही.