गरजूंची यादी कोणाच्या मालकीची?

पुण्यात कॅम्पापासून कोंढव्यापर्यंत विधवांना रेशन, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती आणि रुग्णांना औषधपाण्याचा खर्च देणाऱ्या अनेक संस्था आहेत. त्यांच्या जुन्या वह्या आता संगणकात गेल्या आहेत. रमजानमध्ये अर्जांचा ढीग लागतो. नाव, पत्ता, आधार क्रमांक, उत्पन्नाचा दाखला, आजाराचे कागद! घरातली एकही गोष्ट झाकलेली राहत नाही. मग ही माहिती टायपिंग करणाऱ्याच्या पेन ड्राइव्हवर राहते, नाहीतर कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरते. आमचे व्यापारी बंधू जकातीचा हिशेब पै-पैने मांडतात. या यादीचा हिशेब मात्र कोणी विचारत नाही.

माहिती गोळा करण्यात वाईट काही नाही. ती कोणाच्या कामी येते, हे पाहावे लागते. याचे चांगले उदाहरण पुण्यातच आहे. दिवंगत डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्यात बहुसंख्य दलित समाजातील स्त्रिया होत्या. पहाटे पोते घेऊन फिरणाऱ्या बाईकडे लोक आणि पोलीस चोर म्हणून पाहत. संघटनेने सभासदांची नोंद करून ओळखपत्रे दिली आणि १९९५-९६ च्या सुमारास पुणे महानगरपालिकेने त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने २००१ साली झालेल्या अभ्यासात या स्त्रियांच्या श्रमामुळे पालिकेचा किती खर्च वाचतो, हे मांडले गेले. २००२-०३ मध्ये पालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांसाठी आरोग्यविमा योजना सुरू केली. २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी घरोघरच्या कचरासंकलनाचा करार झाला.

यात संगणकाचे काही मोठे काम नव्हते. पण ज्यांची नावे लिहिली, त्यांच्याच हातात कार्ड आले आणि त्याच आकड्यांवर त्यांनी आपला हक्क मागितला. हीच यादी केवळ एखाद्या चौकीत जाऊन पडली असती तर ती संशयितांची यादी ठरली असती. आपल्या वस्त्यांतील वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता कायद्याकडे वळू. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातील मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास अधिसूचनेपासून अठरा महिन्यांची मुदत आहे. संस्था धर्मादाय आहे एवढ्यावरून सूट मिळत नाही. माहिती कशासाठी हवी ते सांगून संमती घ्यायची, काम संपले की ती पुसायची. संमतीची सूचना मराठीत किंवा उर्दूतही मागण्याचा अर्जदाराला हक्क आहे. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यासाठी पालकांची संमती लागते, म्हणजे शिष्यवृत्तीच्या बहुतेक अर्जांना हे लागू झाले. काम बाहेरच्या कॉम्प्युटरवाल्याला दिले तरी जबाबदारी ट्रस्टचीच. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. लहान ट्रस्टवर एवढा दंड बसेल असे आम्हाला वाटत नाही, पण विश्वस्तांनी त्या भरवशावर राहू नये.

शरियतच्या दृष्टीने पाहिले तर हे नवे नाही. अमानत तिच्या हक्कदाराला पोचवण्याचा आदेश सूरह निसामध्ये आहे, आणि उपकार बोलून दाखवल्याने दान वाया जाते, असे सूरह बकरा बजावते. मग रेशनच्या पिशवीसह विधवेचा फोटो छापण्याचे समर्थन कसे करायचे? देणगीदार कंपन्या सीएसआरच्या अहवालासाठी फोटो आणि नावे मागतात, ही संस्थाचालकांची अडचण खरी आहे. परंतु किती कुटुंबांना, किती रुपयांचे, कोणत्या महिन्यात, एवढे आकडे लेखापरीक्षकाच्या सहीने दिले तर बहुतेक देणगीदारांचे समाधान व्हावे.

संस्थांची कामे घेणाऱ्या आमच्या संगणक व्यावसायिकांना यात धंदाही आहे. आधार तपासून झाल्यावर पूर्ण क्रमांक न ठेवणे, यादी दोनच जबाबदार माणसांना उघडता येणे, कोणी कधी उघडली याची नोंद राहणे, या सोयींना फार खर्च येत नाही. विश्वस्तांनीही कोटेशनवर सही करण्यापूर्वी दर विचारतात तसे आणखी एक विचारावे: काम संपल्यावर यादीची प्रत तुमच्याकडे राहणार का? उत्तर लेखी घ्यावे.